हक्क कायद्याने दिला, मग पुरावा कोणी द्यावयाचा?



एखाद्या मनुष्याने एखाद्या देशात चाळीस-पन्नास वर्षे राहून श्रम केले, कर भरले, मुलेबाळे वाढविली आणि म्हातारपणी त्या देशाच्या सरकारने त्यास दारात अडवून विचारले, "तू येथे केव्हा आलास ते कागदाने सिद्ध कर, न करशील तर चालता हो," तर यास न्याय म्हणता येईल काय? हा प्रश्न कल्पनेतला नाही. लोकशाहीची जननी म्हणवून घेणाऱ्या ब्रिटनमध्ये तो हजारो माणसांना विचारला गेला. ज्यांना उत्तर देता आले नाही त्यांच्यापैकी कोणाची नोकरी गेली, कोणाचे घर गेले, कोणाचे औषधपाणी थांबले, आणि कित्येकांना देशाबाहेर घालविण्यात आले. यांतील बहुसंख्य माणसे वेस्ट इंडीजमधून आलेली होती. परंतु भारतातून गेलेली माणसेही त्यांत होती. आपल्यापैकी ज्यांच्या नात्यागोत्यातले कोणी विलायतेत आहे त्यांनी हे प्रकरण मुळापासून समजून घेतले पाहिजे. ज्यांचे कोणी तेथे नाही त्यांनीही ते समजून घ्यावे. कारण ज्या युक्तिवादाने तेथील माणसे नागवली गेली, तो युक्तिवाद कोणत्याही कचेरीत ऐकू येणारा आहे.

निमंत्रण कोणी दिले?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसांची वाण पडली होती. कारखाने, रेल्वे, बसगाड्या, रुग्णालये, सर्वत्र हात हवे होते. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजातून वेस्ट इंडीजमधील शेकडो उतारू टिलबरी बंदरात उतरले. त्या जहाजावरून त्या संपूर्ण पिढीस 'विंडरश पिढी' हे नाव पडले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने राष्ट्रीयत्वाचा कायदा केला व वसाहतींतील प्रजेस 'युनायटेड किंग्डम व वसाहती यांचे नागरिक' असा एकच दर्जा दिला. भारत स्वतंत्र झाला होता. तरी राष्ट्रकुलातील देशाचे नागरिक म्हणून भारतीयांनाही १९६२ पर्यंत ब्रिटनमध्ये जाऊन राहण्यास मुभा होती. लंडनच्या वाहतूक खात्याने तर १९५६ पासून बार्बाडोस बेटावर जाऊन माणसे भरती केली. पंजाबच्या दोआबातील कित्येक दलित कुटुंबे याच काळात वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम या भागांतील ओतशाळांत कामास लागली. ज्या भट्टीपाशी गोरा कामगार उभा राहावयास तयार नव्हता, तेथे ही माणसे उभी राहिली. बाबासाहेबांचे नाव त्या भागात रुजले ते याच श्रमिकांच्या वस्त्यांतून.

म्हणजे ही माणसे चोरवाटेने शिरलेली नव्हती. ती कायद्याने आली, बोलावल्यावरून आली, आणि दिवसाढवळ्या आली.

पुढे हवा फिरली. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातील लोकांच्या प्रवेशावर निर्बंध आले व मजूर खात्याच्या परवान्यावाचून जाणे कठीण झाले. १९६८ साली केनियातील भारतीयांना रोखण्यासाठी नवा कायदा अवघ्या काही दिवसांत संमत झाला. त्याच वर्षी, २० एप्रिल रोजी, वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे परदेशी वर्णीयांविरुद्ध विषारी भाषण केले. शेवटी १९७१ चा इमिग्रेशन कायदा आला व तो १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला.

या कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि सर्व अनर्थ त्या दोहोंच्या मधल्या फटीतून निघाला आहे. पहिली गोष्ट अशी की, त्या दिवशी जे राष्ट्रकुलीय लोक ब्रिटनमध्ये स्थायिक होते, त्यांना कायम वास्तव्याचा हक्क कायद्यानेच मिळाला. त्यासाठी अर्ज नाही, शिक्का नाही, दाखला नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या आठव्या पोटकलमाने, एखाद्यास कायद्यातील सवलत लागू आहे की नाही असा प्रश्न निघाल्यास ती सिद्ध करण्याचा भार त्याच मनुष्यावर टाकला. एका हाताने हक्क दिला, पण त्याची पावती दिली नाही. दुसऱ्या हाताने पावती मागण्याचा अधिकार राखून ठेवला. चाळीस वर्षे ती पावती कोणी फारशी मागितली नाही, म्हणून हा सापळा दिसला नाही इतकेच.

कागद कोठे गेले?

२०१२ साली गृहमंत्री थेरेसा मे यांनी जाहीर केले की, बेकायदा राहणाऱ्यांसाठी देशातले वातावरणच प्रतिकूल करून सोडावयाचे. त्या धोरणास २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी दात आले. घरमालकाने भाडेकरूचे कागद तपासावे, न तपासल्यास दंड भरावा. मालकाने कामगाराचे कागद तपासावे, न तपासल्यास प्रत्येक माणसामागे त्या वेळी वीस हजार पौंडांपर्यंत दंड भरावा. बँकेने खाते उघडताना तपासावे. रुग्णालयाने उपचारापूर्वी तपासावे. सरहद्दीवरचा शिपाई अशा रीतीने प्रत्येक घराच्या, दुकानाच्या व दवाखान्याच्या उंबऱ्यावर आणून बसविला गेला. तो शिपाईही सरकारी नोकर नव्हे. दंडाच्या भीतीने थरथरणारा खासगी इसम! ज्याचे कागद स्पष्ट नाहीत त्यास नाकारणे त्याला सोयीचे, आणि ज्याचा वर्ण काळा-सावळा त्याचेच कागद आधी मागणे त्याहून सोयीचे.

मग ज्यांना १९७३ साली दाखलाच दिला गेला नव्हता त्यांनी काय दाखवावे? पुष्कळ जण लहानपणी आईबापांच्या वा थोरल्या भावंडांच्या पासपोर्टावर आले होते. त्यांच्या नावाचा स्वतंत्र कागद जन्मात कधी निघालाच नव्हता. गृहखात्याने त्यांच्याकडे वास्तव्याच्या दर वर्षाचा निदान एक सरकारी कागद मागितला, कोठे कोठे त्याहून अधिक. वाचकहो, स्वतःला विचारून पाहा: १९७४ साली तुम्ही वा तुमचे वडील कोठे राहात होते हे दाखविणारा सरकारी कागद आज तुमच्या पेटीत आहे काय? १९७५ चा? १९७६ चा? अशी चाळीस वर्षे मोजा!

एक पुरावा मात्र सरकारच्याच घरी होता. बंदरात उतरणाऱ्या उतारूंकडून भरून घेतलेली आगमनपत्रे गृहखात्याच्या तळघरात पडून होती, आणि जुन्या रहिवाशांच्या आगमनाची तारीख पडताळण्यासाठी तेथील कारकून ती पाहातही असत. २०१० साली कचेरी हलविताना ही पत्रे नष्ट करण्यात आली. निर्णय मजूर पक्षाच्या राजवटीत झाला की हुजूर पक्षाच्या, यावर पुढे दोन्ही पक्षांनी पार्लमेंटात भांडण मांडले. आपणांस त्या भांडणाशी कर्तव्य नाही. आपणांस एवढेच दिसते की, पुरावा सरकारने नष्ट केला आणि पुरावा नाही हा गुन्हा मात्र रहिवाशाच्या माथी मारला.

याचे फळ काय झाले ते पाहा. लहानपणी १९६८ साली जमेकाहून आलेली एक स्त्री. चौतीस वर्षे राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरलेली, एके काळी पार्लमेंटच्याच भोजनगृहात स्वयंपाक केलेली. २०१७ साली तिला स्थानबद्धतागृहात टाकले व विमानात बसविण्याची तयारी झाली. खासदार व एक स्थानिक सेवासंस्था धावून आल्या म्हणून ती वाचली. दुसरा एक गृहस्थ किशोरवयात आलेला, चव्वेचाळीस वर्षे लंडनमध्ये राहिलेला. त्याला कर्करोग झाला, तेव्हा किरणोपचारासाठी चोपन्न हजार पौंड आधी भरा असे सांगण्यात आले. गृहखात्याने २०१८ साली आपल्याच फायली चाळल्या, तेव्हा १९७३ पूर्वी आलेल्या १६४ जणांना स्थानबद्ध केले वा देशाबाहेर काढले असे आढळले. त्यांत बाहेर काढलेले ८३. त्यांपैकी किमान अकरा जण तोवर परदेशी मरण पावले होते. आणि हा तपास फक्त कॅरिबियन लोकांपुरता! भारत, पाकिस्तान वा आफ्रिकेतून गेलेल्यांच्या फायली अशा उघडल्याच नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठातील स्थलांतरविषयक अभ्यासकांचा अंदाज असा की, १९७१ पूर्वी आलेले व ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेले राष्ट्रकुलीय रहिवासी सुमारे ५७ हजार होते. त्यांत जमेकाचे सुमारे १५ हजार आणि भारताचे सुमारे १३ हजार. भारतीयांचा आकडा जमेकाच्या एवढा जवळ असताना त्यांच्यापैकी कितींना छळ सोसावा लागला याची मोजदाद करण्याचेही कष्ट सरकारने घेतले नाहीत.

तीन आक्षेप

या प्रकरणात सरकारची बाजू मांडणारे तीन आक्षेप नेहमी पुढे करतात. तिन्ही वरकरणी शहाणपणाचे वाटतात, म्हणून त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप: "बेकायदा शिरणाऱ्यांना हुडकून काढणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. नियम सर्वांस सारखा. ज्याचा हक्क खरा त्याने तो दाखवावा, त्यात भिण्याचे कारण काय?" उत्तर असे की, नियम सर्वांस सारखा असला म्हणजे तो न्याय्य ठरतो असे नव्हे. नदीच्या अलीकडे राहणाऱ्यास व पलीकडे राहणाऱ्यास सारखाच "सकाळी सहास हजर व्हा" असा हुकूम सोडला आणि होडी मात्र एकाच तीराला बांधली, तर तो हुकूम सारखा म्हणावा काय? ज्याला जन्मतः पासपोर्ट मिळाला आणि ज्याला कायद्याने हक्क दिला पण कागद दिला नाही, त्या दोघांस एकच कागद मागणे ही समता नव्हे. शिवाय बेकायदा माणूस हुडकण्याच्या नावाखाली कायदेशीर माणूस चिरडला जाईल हे आधी दिसत नव्हते काय? वेंडी विल्यम्स यांनी १९ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या प्रश्नाचा निकाल लावला आहे. हा अनर्थ आधी ओळखता येण्याजोगा होता व टाळताही येण्याजोगा होता, असे त्यांचे अनुमान आहे. आणि वंशाच्या प्रश्नाविषयी व या पिढीच्या इतिहासाविषयी गृहखात्यात संस्थागत अज्ञान व बेपर्वाई होती, असा ठपकाही त्यांनी ठेवला आहे.

दुसरा आक्षेप: "एवढी वर्षे राहिले, तर त्यांनी वेळीच नागरिकत्व का घेतले नाही? आळस त्यांचा, दोष सरकारचा कसा?" हा आक्षेप अज्ञानातून निघालेला आहे. जमेकाचा मनुष्य ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच जहाजातून उतरला होता. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमेका स्वतंत्र झाले, आणि इंग्लंडातल्या कारखान्यात काम करीत असतानाच त्याचे नागरिकत्व त्याच्या नकळत बदलले. आपण ब्रिटिश आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती समजूत त्यास सरकारनेच दिली होती. भारतीयांची अडचण आणखी निराळी. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. ज्याचे आईबाप, शेतीचा तुकडा, गावकी येथे आहे, त्याने भारतीय पासपोर्ट राखून तेथे कायम वास्तव्याच्या हक्कावर राहणे पसंत केले, तर त्यात आळस कसला? तो हक्क पुरेसा आहे असे कायदाच सांगत होता. आणि आज नागरिकत्वाच्या अर्जास हजार पौंडांहून अधिक शुल्क पडते. आधी हक्क द्यावयाचा, मग तो पुरेसा नाही म्हणावयाचे, आणि पुरेसा करून घेण्यासाठी हजार पौंड मागावयाचे, यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

तिसरा आक्षेप: "चूक झाली, पण ती कबूल केली. क्षमा मागितली, भरपाई दिली. आता तेच उगाळीत का बसावयाचे?" क्षमा मागितली हे खरे. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अंबर रड यांनी व नंतर पंतप्रधान मे यांनी क्षमा मागितली. पत्रकार अमेलिया जेंटलमन यांनी महिनोनमहिने एकेक प्रकरण उजेडात आणले, डेव्हिड लॅमी यांच्यासारखे खासदार पार्लमेंटात कडाडले, राष्ट्रकुलाची परिषद नेमकी लंडनमध्ये भरली, तेव्हा कोठे ती क्षमा ओठांवर आली. २९ एप्रिल रोजी रडबाईंना राजीनामा द्यावा लागला. ३ एप्रिल २०१९ पासून भरपाईची योजना सुरू झाली. पण ती योजना चालविण्यास कोण बसविले? ज्या खात्याने अन्याय केला तेच खाते! पार्लमेंटच्या गृहव्यवहार समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितले की, भरपाईस पात्र म्हणून प्रारंभी अंदाजलेल्या १५ हजारांपैकी सप्टेंबर २०२१ अखेर केवळ ५.८ टक्के लोकांच्या हाती काही रक्कम पडली होती, आणि २३ जण भरपाईची वाट पाहात मरण पावले होते. हे काम स्वतंत्र संस्थेकडे द्या, अशी त्या समितीची शिफारस होती. पुढे जानेवारी २०२३ मध्ये विल्यम्स अहवालातील तीस शिफारशींपैकी तीन सरकारने सोडून दिल्या. त्यांतील दोन सोडणे बेकायदा होते असा निकाल २०२४ साली उच्च न्यायालयाने दिला. विंडरश आयुक्ताची नेमणूक व्हावयास २०२५ साल उजाडले. क्षमा एका दिवसात मागता येते. न्यायास सात वर्षे पुरत नाहीत असा हा हिशेब आहे.

आणि या तिसऱ्या आक्षेपातच सरकारच्या सर्व युक्तिवादाचे खंडन दडलेले आहे. ३० मे २०१८ पासून विंडरश योजना अमलात आली, तेव्हा त्याच गृहखात्याने कर खाते, पेन्शन खाते यांच्या दप्तरांतून नोंदी काढून रहिवाशांचे हक्क मान्य करण्यास आरंभ केला. दर वर्षाच्या कागदाचा हट्ट सुटला. सर्व पुरावा एकत्र पाहून संभव कोणत्या बाजूस अधिक आहे ते ठरवू लागले. म्हणजे नोंदी होत्याच! ज्या माणसाने चौतीस वर्षे विमा भरला त्याची चौतीस वर्षे सरकारच्या वहीत लिहिलेलीच होती. एका खात्याने पैसे मोजून घ्यावयाचे आणि शेजारच्या खात्याने "आपण येथे होता काय?" असे विचारावयाचे! पुरावा नव्हता असे नाही. तो पाहावयाचा नव्हता.

आपल्या घटनेचा दाखला

देश दुभंगल्यावर लक्षावधी माणसे सरहद्द ओलांडून इकडून तिकडे गेली, तेव्हा कोण येथला व कोण नव्हे हा प्रश्न आपल्या घटना समितीपुढेही उभा होता. १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमे मांडताना बाबासाहेबांनी, मसुदा समितीस इतका त्रास देणारी कलमे क्वचितच असतील, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यांनी तो गुंता कसा सोडविला? जो १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आला व तेव्हापासून येथे राहिला, त्याच्याकडे अर्ज मागितला नाही. जो त्यानंतर आला, त्याच्यासाठी अधिकारी नेमला, नोंदवही ठेवली, सहा महिन्यांच्या वास्तव्याची साधी अट घातली. त्या व्यवस्थेत उणिवा नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यात एक तत्त्व होते. ज्या हक्कास पुढे पुरावा लागणार, त्याची नोंद राज्याने त्याच वेळी करावी. ब्रिटनने १९७३ साली हेच केले नाही. नोंद न ठेवणे हा राज्याचा निर्णय होता. त्याचा दंड रहिवाशाने का भरावा?

मात्र हा रोग विलायतेचाच आहे असे समजून आपण स्वस्थ बसू नये. आसामात २४ मार्च १९७१ पूर्वीचे कागद मागून तयार केलेल्या नोंदवहीतून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९ लाख ६ हजार ६५७ माणसे बाहेर राहिली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या गरीब स्त्रियांना बापाचे नाते सिद्ध करताना किती कष्ट पडले हे देशाने पाहिले आहे. आणि महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी कचेरीची पायरी चढलेल्या आपल्या घरांना १० ऑगस्ट १९५० ही तारीख काय सांगावी! त्या दिवशी आजोबा या राज्यात राहात होते हे दाखवा. ज्या आजोबांना शाळेत बसू दिले नाही त्यांचा शाळेचा दाखला आणा. ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती त्यांचा सातबारा आणा. तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल आणा. ज्या समाजव्यवस्थेने माणसाला कागदापासून दूर ठेवले, तिच्याच दरबारी कागदावाचून त्याचे अस्तित्व मानले जात नाही. विलायतेतील जमेकन म्हातारीचे दुःख आपणांस समजावून सांगावे लागत नाही, ते याच कारणाने.

मग मागावयाचे काय?

पहिली मागणी: ज्याच्याजवळ दप्तर आहे त्याने आधी दप्तर उघडावे. कर, विमा, शाळा, रुग्णालय यांच्या नोंदी सरकारच्या हाती असताना, त्या पाहिल्यावाचून कोणाचाही हक्क नाकारता येऊ नये. दुसरी: जेथे राज्याने दाखला दिला नाही वा नष्ट केला, तेथे दीर्घ वास्तव्य खरे मानून चालावे, आणि ते खोटे आहे हे दाखविण्याचा भार राज्यावर असावा. तिसरी: शेजारी, सहकारी, शिक्षक, डॉक्टर यांची साक्ष कागदाइतकीच ग्राह्य धरावी. चौथी: निर्णय होईतो कोणाची भाकरी, छप्पर व औषध बंद होऊ नये. पाचवी: गरिबाला वकील मिळावा, २०१३ पासून तेथे बहुतेक इमिग्रेशन प्रकरणांतील सरकारी कायदेविषयक मदत काढून घेतली गेली, आणि नेमक्या त्याच काळात कागदांची झडती वाढली, हा योगायोग गरिबास फार महाग पडला. सहावी: अन्याय करणाऱ्या खात्याकडे भरपाईचा न्याय ठेवू नये.

यांतील एकही मागणी दयेची नाही. दिलेला हक्क दिलेला आहे असे मानावे, एवढेच आपण म्हणतो.

ज्यांचे आप्त ब्रिटनमध्ये आहेत त्यांस

मागण्या मान्य होईतो हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१ जानेवारी १९७३ पूर्वी जे राष्ट्रकुलीय नागरिक तेथे स्थायिक झाले, ते विंडरश योजनेखाली विनाशुल्क अर्ज करू शकतात. ही योजना केवळ वेस्ट इंडीजवाल्यांसाठी नाही, भारतीयांसाठीही आहे. १९८८ अखेरपर्यंत येऊन स्थायिक झालेल्या अन्य लोकांनाही, ते कोणत्याही देशाचे असोत, तिचा आधार घेता येतो. नाव 'विंडरश' म्हणून ती आपली नव्हे, अशा समजुतीने कित्येक भारतीय वृद्ध घरी बसून राहतात. त्यांना सांगा.

कायम वास्तव्याचा हक्क असलेला मनुष्य सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिला तर तो हक्क सर्वसाधारणपणे संपतो. आजारी आईची सेवा करावयास आलेला मुलगा येथे अडीच वर्षे राहिला आणि परत जाताना अडकला, असे होऊ शकते. असे ज्यांचे झाले असेल त्यांनी आशा सोडू नये. जुन्या रहिवाशांसाठी परतीचे मार्ग आहेत, पण सल्ला आधी घ्यावा, विमानतळावर नव्हे.

२०२४ अखेरीपासून तेथे प्लास्टिकच्या रहिवासी कार्डाऐवजी ई-व्हिसाची पद्धत आली आहे. ज्यांच्या जुन्या पासपोर्टावर केवळ शाईचा शिक्का आहे त्यांचा हक्क बुडालेला नाही; परंतु मालक वा घरमालक संगणकावर पाहू लागल्यावर तो शिक्का दाखविणे जड जाते. मुदत नसलेल्या वास्तव्याची नोंद नव्या पद्धतीत करून घेण्यासाठी स्वतंत्र अर्ज आहे, तो करून घ्यावा. कागद नव्हता म्हणून एक पिढी भरडली गेली. आता कागदच नाहीसा होत असताना दुसरी भरडली जाऊ नये.

आणि जुने काही टाकू नका. रद्द झालेला पासपोर्ट, विम्याच्या हप्त्यांची नोंद, पगाराची चिठ्ठी, युनियनचे सभासदपत्र, मुलांच्या शाळेचे प्रगतिपुस्तक, डॉक्टरांची पत्रे, विहाराच्या वा संस्थेच्या वर्गणीची पावती, तारीख असलेले गावचे पाकीट, यांतील प्रत्येक वस्तू एखाद्या वर्षाची साक्षीदार आहे. येथे गावाकडे जी पत्रे येऊन पडली असतील, ज्यांच्या पाकिटावर लंडन वा वुल्व्हरहॅम्प्टनच्या टपालाचा शिक्का असेल, तीही जपा आणि त्यांच्या प्रती तिकडे पाठवा. खोटा कागद मात्र कदापि करू नका, दलालाच्या हाती मूळ कागद देऊ नका. एका खोट्या कागदाने दहा खरे कागद बाद ठरतात.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. कागद जमवा ते हक्क मिळविण्यासाठी नव्हे, मिळालेला हक्क कोणी हिरावू नये म्हणून. जो पन्नास वर्षे भट्टीपाशी उभा राहिला, ज्या बाईने रात्रपाळ्या करून परक्यांचे रोगी सांभाळले, त्यांचे तेथील असणे त्यांच्या श्रमाने केव्हाच सिद्ध झालेले आहे. कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यापुढे मान खाली घालून "कृपा करा" असे म्हणू नका. त्यास विचारा, "माझी नोंद तुमच्या दप्तरात आहे, ती आपण पाहिली काय?" हा प्रश्न विचारण्यास कोणतेही शुल्क पडत नाही, आणि त्याचे उत्तर देण्यास तो बांधलेला आहे.